गाठ अख्खी पाहिजे

आमच्या लाँड्रीत इस्त्रीचं टेबल खिडकीशी आहे. ही तिथे उभी राहिली की तिला रस्ता, दार आणि मागची दोन्ही मशिनं एका नजरेत दिसतात. टेबल हिच्या मापाने करून घेतलेलं आहे, दुसरं कोणी त्यावर काम करायला गेलं की त्याची पाठ धरते. इतकी वर्षं ते एकाच जागी आहे. पाय फरशीत रुतल्यासारखे झालेत. म्हणून ही त्या दिवशी इस्त्री उभी करून म्हणाली, "अहो, हे टेबल मला लागतंय," तेव्हा मला नीट कळलं नाही.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होतो. ग्रंथालयातली नोकरी संपल्यापासून माझ्याकडे तेवढंच काम आहे आणि तेही ही मागून तपासते.

"सरकवू का?" मी विचारलं.

"टेबल कशाला सरकवताय? टेबल जागेवरच आहे. पोट माझ्याआधी पोचतंय."

मी बघितलं. एप्रनच्या नाड्या ही नेहमी मागून पुढे आणून पोटावर गाठ मारायची. आता त्या मागेच कशाबशा बांधलेल्या होत्या. हे मला रोज समोर बसूनही दिसलं नव्हतं. पण मला न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात.

"थोडं वजन वाढलं असेल," मी म्हणालो.

"हात बघा माझे. गाल बघा. वजन काय एकट्या पोटाचं वाढतं?" हिने पुन्हा इस्त्री उचलली. "ती गाठ आहे. भाडेकरू हातपाय पसरतोय."

गाठ जुनी होती. मुलगी शाळेत होती तेव्हा सापडली. गर्भाशयाच्या भिंतीतली, फायब्रॉइड म्हणतात तसली. तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात, साध्या असतात, पाळी गेली की आक्रसून जातात, काळजी करू नका. घरी आल्यावर ही म्हणाली, "म्हणजे पोटभाडेकरू ठेवलाय तर." तेव्हापासून गाठीचं नाव तेच पडलं. ही जेवायला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली की मुलगी विचारायची, "तुला की भाडेकरूला?" त्या गाठीवर इतकी वर्षं आम्ही इतके विनोद केले होते की ती घरातलीच झाली होती. घरातल्या माणसाचा कोण संशय घेतो?

"पाळी जाऊन किती वर्षं झाली," ही म्हणाली. "आक्रसायचं म्हणाल्या होत्या त्या. आणि अहो, मागच्या आठवड्यात डाग दिसला."

"कसला डाग?"

"कसला म्हणजे? जन्म गेला माझा डाग ओळखण्यात."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. वैद्यकाच्या कपाटाशी मी नोकरीतसुद्धा फारसा थांबत नसे, ती चित्रं मला सोसत नाहीत. या वेळी थांबलो. चित्रांवर हात ठेवून वाचलं. ही गाठ साधी असते आणि साधीच राहते. फार क्वचित तिच्यात वाईट पेशी सापडतात. साधी गाठच बदलते की ती पहिल्यापासून निराळी असते, याबद्दल जाणकारांचंही एकमत नाही. पण पाळी गेल्यावर गाठ आक्रसायची सोडून वाढू लागली तर दुर्लक्ष करू नये, हे मला मिळालेल्या प्रत्येक पुस्तकात होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाचलेलं माझ्या नीट लक्षात राहतं, पण त्याचा अर्थ मला लागतोच असं नाही. परत येताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो.

घरी मी एवढंच म्हणालो, "मी वाचलं ते चुकीचंही असेल."

"तुम्हाला सगळंच चुकीचं असेल असं वाटतं. काल पाऊस पडत होता तेव्हा खिडकीत उभं राहून म्हणालात, बहुतेक पडतोय. काय वाचलं ते सांगा."

मी सांगितलं. सांगताना 'क्वचित' हा शब्द जरा जास्त वेळा वापरला. हिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"क्वचित म्हणजे होतं," ही म्हणाली. "होत नसतं तर कोणी लिहिलं असतं का?"

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण आली. मी तिला ताई म्हणतो आणि घाबरतो. ताईने हिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निकाल दिला. "वयाचा घेर आहे हा, दुसरं काही नाही. मलाही होती गं गाठ. डॉक्टरांकडे खेटे घातले का मी? आपोआप गेली."

"गेली हे कोणी बघितलं?" हिने विचारलं.

"मला कळत नाही का माझ्या पोटातलं?"

"मलाही कळतंय ना माझ्या पोटातलं. म्हणून तर चाललेय."

"अरे, तू तरी सांग तिला," ताई माझ्याकडे वळली. "या वयात पोट फाडून घ्यायचंय का?"

मी चष्मा पुसायला घेतला. माझी ती जुनी सवय आहे. हिने माझ्या हातातून चष्मा घेतला, स्वतःच्या एप्रनला पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. "ते माझ्याबरोबर येतायत," ती ताईला म्हणाली.

तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या अस्तरात काही सापडलं नाही. सोनोग्राफीत गाठ मोठी दिसली, पण जुनं मशीन वेगळं, मोजणारा हात वेगळा, त्यामुळे किती वाढली ते छातीठोक सांगता येईना. एमआरआयच्या मोठ्या मशिनातल्या फोटोंवरही 'साधीच असावी' असं आलं. 'असावी' हा शब्द माझ्या आवडीचा आहे. मी आयुष्यभर त्याच्या आडोशाला राहिलो. हिला तो मुळीच आवडला नाही.

गर्भाशय काढायचं ठरलं. मुलीने हॉस्पिटल शोधलं, रजा काढली आणि आम्हाला सर्जनसमोर नेऊन बसवलं. सर्जन तरुण होते, बोलायला चांगले होते. हिच्या पोटावर हात ठेवून त्यांनी बराच वेळ तपासलं. मग संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दुर्बिणीतून ऑपरेशन कसं होतं त्याची फिल्म दाखवली. पोटावर तीन-चार लहान छिद्रं, मोठा टाका नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. फिल्ममधल्या बाई झोपून हसत होत्या. त्यांना काही झालेलंच नव्हतं.

"आणि एवढी मोठी गाठ त्या भोकातून येणार कशी?" हिने विचारलं.

"बारीक तुकडे करून," सर्जन म्हणाले. "आतल्या आत. त्यासाठी एक फिरतं पातं असतं."

मी पडद्यावरून नजर काढून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

"तुकड्यांत काही वाईट असलं तर?"

"शक्यता फार कमी आहे. तरी आम्ही गाठ आधी एका पिशवीत घेतो आणि पिशवीतच तुकडे करतो. बाहेर काही सांडत नाही."

"पिशवी फाटते का?"

सर्जनांनी जरा थांबून उत्तर दिलं. ते मला आवडलं. "फाटू शकते. क्वचित."

ही माझ्याकडे वळून म्हणाली, "आले पुन्हा क्वचितराव."

"आई," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"आधी सुई घालून बघता येत नाही, चांगली की वाईट ते?"

"या गाठीत त्याचा भरवसा नसतो. सुई चांगल्या भागात शिरली तर चांगलंच उत्तर येतं. खरं काय ते गाठ बाहेर आल्यावर, तपासल्यावरच कळतं."

"म्हणजे आधी तुकडे करायचे आणि मग कळणार की करायला नको होते."

मुलगी उठली. आम्हाला जरा विचार करू द्या म्हणाली आणि आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. मागे मी.

कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांची रांग होती. टोकाच्या खुर्चीवर कोणीतरी विसरलेली छत्री होती. मुलीचा आवाज चढत नाही, ती रागावली की तिचे शब्द सुटे सुटे होतात.

"आई, तुला, काय, पाहिजे? माझ्या सासूबाईंचं असंच दुर्बिणीतून झालं, आठवड्यात बागेत फिरत होत्या. तुला मोठा छेद दिला तर दीड-दोन महिने बादलीसुद्धा उचलता येणार नाही. दुकानाचं काय? तुझ्या वयाचं काय? कुठल्या तरी क्वचित गोष्टीसाठी तू नक्कीचा त्रास का घेतेस? बाबांनी काहीतरी वाचलं म्हणून?"

"बाबांनी वाचलं ते बरोबर असेल असं बाबासुद्धा म्हणत नाहीत," ही म्हणाली. "तुला हॉटेलचे टेबलक्लॉथ आठवतात का?"

मुलीला आठवत होते. तेव्हा ती लहान होती, पण त्या दिवशी आईला पहिल्यांदा रडताना बघितलं होतं तिने.

आमच्या दुकानात एक नियम आहे. कुठलाही कपडा खिसे उलटे केल्याशिवाय पाण्यात जात नाही. खिशाचं अस्तर जिभेसारखं बाहेर लोंबल्याशिवाय कपडा ढिगातून हलत नाही. गिऱ्हाइकं हसतात. हा नियम त्या दिवसापासून आहे. मोठ्या हॉटेलचे पांढरे टेबलक्लॉथ मशिनात भरताना एका वेटरचं जाकीट त्यांत गुंडाळून आलं होतं आणि हिने घाईत ते तसंच आत लोटलं. जाकिटाच्या खिशात शाईचं पेन होतं. मशीन फिरलं. दार उघडलं तेव्हा आतलं एकही कापड पांढरं नव्हतं. चूक हिची होती आणि हिने ती कधी दुसऱ्याच्या गळ्यात मारली नाही. पेनाचे तुकडे आम्ही सगळे वेचले, टोपणसुद्धा मिळालं. पण हॉटेलचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

"पेन अख्खं हाताला लागलं असतं तर मी उचलून डब्यात टाकलं असतं," ही म्हणाली. "शाई नव्हतीच त्यात, असंही निघालं असतं. चाललं असतं. पण फुटल्यावर शाई वेचता येत नाही गं. मला माझ्या पोटाचं मशीन करायचं नाही."

"आणि गाठ साधीच निघाली तर? उगाच एवढा छेद?"

"तर एवढा छेद. मिरवीन मी तो. तुला दाखवीन, तुझ्या सासूबाईंना दाखवीन."

मुलीला हसू आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

मला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी छत्रीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. "मला वाटतं," मी म्हणालो, "तिचं बरोबर असावं." मग म्हणालो, "बरोबर आहे."

आम्ही परत आत गेलो. ही बसलीच नाही. "डॉक्टर, मोठा छेद द्या. गाठ अख्खी पाहिजे."

सर्जनांनी पेन बंद केलं. "त्रास जास्त होईल. बरं व्हायला वेळ लागेल. रक्त लागेल कदाचित. नंतर म्हणू नका."

"म्हणणार नाही."

"ठीक आहे. तपासल्यावर माझ्याही मनात तो विचार आला होता," ते म्हणाले. "पण रिपोर्टमध्ये संशय नसताना सहसा कोणी स्वतःहून मोठा छेद मागत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हिला हिरवा गाऊन घालायला दिला. हिने तो उलटा करून शिवण बघितली, कॉलरशी राहिलेला पिवळा डाग बघितला आणि नर्सला विचारलं की हे धुतं कोण. मग मला जवळ बोलावलं.

"गाठ काढल्यावर ते बाहेर आणून नातेवाइकांना दाखवतात. मी विचारलंय. तुम्ही बघायची."

"मी?" भाजी चिरताना हिचं बोट कापलं होतं तेव्हा पट्टी आणायला गेलेला मी कपाटासमोर खाली बसलो होतो. पट्टी शेवटी हिनेच घेतली होती. "पोरगी बघेल की."

"पोरीला डॉक्टर म्हणाले अख्खी आहे की ती हो म्हणेल. तिला ते खरं असायला हवं असतं. तुम्हाला कशावरच विश्वास नाही. तुम्हीच बघायची. दोन्ही बाजूंनी. कपडा बघतो तशी."

मग तिला आत नेलं. मुलगी आणि मी बाहेर बसलो. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. ते उलटं धरलं होतं हे मुलीने बऱ्याच वेळाने सांगितलं.

दार उघडून सर्जन आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. मागे एक नर्स, तिच्या हातात झाकलेला ट्रे. "सगळं नीट झालं," ते म्हणाले. "त्या ठीक आहेत." मुलगी माझा हात धरून रडायला लागली. सर्जनांनी ट्रेवरचं कापड एका कोपऱ्याने उचललं. "ही गाठ. पूर्ण निघाली." कापड परत खाली यायला लागलं.

"थांबा," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. इतका मोठा आवाज मी ग्रंथालयात काय, घरातही कधी काढला नव्हता. दोघंही थांबले.

"मला बघायचीय."

कापड पूर्ण निघालं. मी बघितलं. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा मी भिंतीला पाठ टेकवली आणि बघत राहिलो. गर्भाशय आणि त्याला फुगवून बसलेली गाठ. गोल, फिकट, गुळगुळीत, एखाद्या मोठ्या कांद्यासारखी. वरून कुठे चीर नव्हती.

"उलटी करा," मी म्हणालो.

"आजोबा, बरं वाटत नसेल तर बसा," नर्स म्हणाली.

"मी बसतो. तुम्ही उलटी करा."

नर्सने सर्जनांकडे बघितलं. सर्जनांना पुढचं ऑपरेशन होतं, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. पण त्यांनी हातमोजा चढवला आणि गाठ सावकाश उलटी केली. मागची बाजूही तशीच होती, अखंड. मी सगळीकडून बघितली आणि मग जिथे होतो तिथेच भिंतीला घसरत खाली बसलो. मुलगी म्हणते की खाली बसतानाही मी म्हणत होतो, "अख्खी आहे, अख्खी आहे."

ही शुद्धीवर आल्यावर तिने डोळे उघडायच्या आधी विचारलं, "बघितली?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग झालं," ती म्हणाली आणि परत झोपली.

रिपोर्ट यायला वेळ लागला. आला तेव्हा सर्जनांनी आम्हाला खोलीत बसवलं, दार लावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला नाही. गाठ बहुतेक साधीच होती. पण आत एका भागातल्या पेशी साध्या नव्हत्या. सार्कोमा, म्हणजे कॅन्सरच. हजारोंत एखादीला सापडतो. गाठ न फुटता बाहेर आली, आजूबाजूला काही दिसत नाही, फुफ्फुसांचे फोटो स्वच्छ आहेत, ही चांगली गोष्ट आहे. सध्या औषध नाही, पण दर काही महिन्यांनी तपासावं लागेल, पुढची काही वर्षं. हा परत येऊ शकतो. तो येणार नाही असं मी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले.

मुलीने आईचा हात घट्ट धरला.

"येऊ दे," ही म्हणाली. "दार माहीत झालंय आता त्याचं. मी दारातच उभी राहीन." मग सर्जनांना म्हणाली, "पुढच्या वेळी कधी यायचं ते सांगा. आणि तुमच्या गाऊनांच्या कॉलरी नीट निघत नाहीयेत."

घरी ताई वाट बघत होती. तिला सगळं सांगितल्यावर ती ओढणी मुठीत चुरगाळत बसली. शेवटी म्हणाली, "शोधायला गेलात म्हणून सापडलं."

एरवी मी चष्मा पुसला असता. "ताई," मी म्हणालो, "शोधायला गेलो नसतो तरी ते तिथेच होतं." एवढं बोलल्यावर माझे कान तापले. ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू खुर्ची बोलली.

दोन महिने दुकान अर्धं चाललं. इस्त्री बाहेर दिली, उचलापाचल मी केली आणि ही खुर्चीवर बसून माझ्या चुका काढत राहिली. त्यात हिची तब्येत सुधारली असं मला वाटतं. मग एका सकाळी ही टेबलाशी जाऊन उभी राहिली. टेबलाची कड आणि एप्रन यांच्यामध्ये हाताचा पंजा सरकवून बघितला. पंजा आरामात गेला. नाड्या मागून पुढे आणल्या, पोटावर गाठ मारली आणि इस्त्री तापायला ठेवली. पुढची तपासणी त्याच महिन्यात होती. त्या विषयावर ती एवढंच म्हणाली की त्या दिवशी दुकान उशिरा उघडेल, तशी पाटी मी लिहावी.

त्याच दुपारी ताई आली, हिवाळी कोट धुवायला घेऊन. अंगातला काढून तिने काउंटरवर ठेवला. हिने सवयीने खिसे उलटे केले. रुमाल, एक सुटं बटण, गोळ्यांचा चुरा.

"ताई," ही चुरा झटकत म्हणाली, "तुमची ती गाठ, आपोआप गेलेली. कोणी बघितली नाही ना अजून?"

"मला काही होत नाही."

"मलाही वीस वर्षं काही होत नव्हतं."

"अगं, सगळ्यांचंच तुझ्यासारखं निघतं का?"

"नाही निघत. हजारोंत एखादीचं निघतं. तुम्ही त्या एखादीतल्या नाही, हे एकदा मशिनात बघून या. सोनोग्राफीच आहे, दुखत नाही. मी बरोबर येते." तिने कोट उचलला. मला वाटलं, चिठ्ठीसाठी माझ्याकडे देईल. तिने तो मागच्या दांडीवर, सगळ्यात टोकाला, बिनचिठ्ठीचा अडकवला. "बघून आलात की कोट मिळेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी टाचण्यांचा डबा उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागलो. पण हसू दिसलं असावं.

"बाहेर गारठा आहे," ताई म्हणाली. "मी घरी कशी जाऊ?"

"घरी कशाला? दवाखाना पाच वाजेपर्यंत उघडा असतो," ही म्हणाली आणि खुंटीवरचा स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. "चला. अहो, इस्त्री बंद करा."